बीपी कमी दिसला म्हणून बंद केलेली गोळी: एका प्रकरणाचा अभ्यास

रुग्ण आणि घर

धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावचे ६६ वर्षांचे शेतकरी. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून इथेही आबाच म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सोयाबीन-तुरीची कोरडवाहू शेती, घरी पत्नी, थोरला मुलगा आणि सून. मधुमेह १८ वर्षांपासून, बीपी साधारण १० वर्षांपासून. पायांना मुंग्या येतात, क्रिएटिनिन २.१, म्हणजे मूत्रपिंडांवर मधुमेहाचा परिणाम झालेला.

बीपीसाठी तीन गोळ्या चालू होत्या: सकाळी ॲम्लोडिपिन १० मिलिग्रॅम, सकाळीच मेटोप्रोलोल ५० मिलिग्रॅम आणि क्लोनिडिनच्या १०० मायक्रोग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा. मूत्रपिंडाच्या रुग्णांत बीपी दोन-तीन औषधांनाही दाद देत नाही तेव्हा क्लोनिडिन जोडली जाते, आपल्याकडे तर बऱ्याचदा. पुढे रात्री लघवीला चार-पाचदा उठावं लागतं म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी टॅम्सुलोसिन सुरू केली. त्या वेळी आबांनी आधीच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवली नव्हती आणि कुणी मागितलीही नव्हती.

तक्रार

मार्च संपता संपता ऊन तापलं आणि आबांची भोवळ वाढली. "बसून हाय तवर काय न्हाई, उठलं की डोळ्यापुढं अंधारी येते," असं ते सांगत. पहाटे लघवीला उठताना एकदा अंगणात पडले, कपाळाला खोक पडली. घरच्यांनी अशक्तपणा समजून गावात सलाईन लावून घेतलं. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

एका दुपारी जेवणानंतर मुलाने त्यांना मेडिकलवर नेऊन बसवलं आणि बीपी मोजून घेतला. ९८/६० आला. मुलाचा विचार सरळ होता. बीपी एवढा कमी आहे, तर गोळ्या जास्त होत आहेत. सगळ्या बंद करायची भीती वाटली, म्हणून जी गोळी दिवसातून तीनदा घ्यावी लागते तीच जास्त जोराची असणार असं धरून त्याने तेवढी बंद केली. बापाच्या काळजीपोटी घेतलेला हा निर्णय होता आणि समोरच्या आकड्यावरून पाहिलं तर चुकीचा वाटण्यासारखाही नव्हता.

तिसऱ्या दिवशी रात्री आबांचं डोकं फुटेल असं दुखू लागलं. घामाने बंडी ओली झाली, हात थरथरायला लागले, एक उलटी झाली. रात्री अकराच्या सुमारास आमच्या दवाखान्यात आणलं तेव्हा बीपी २२६/१२४ होता.

तीन दिवसांपूर्वी ज्याचा बीपी ९८ होता त्याचा २२६ कसा होतो, हा मुलाचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या खालच्या खोडात आहे.

ब्रेनस्टेमला बीपीची बातमी कशी कळते

रक्तदाबाची खबर ब्रेनस्टेमला पोचते ती नसांच्या टोकांकडून. मानेतली मोठी धमनी जिथे दुभंगते तिथे आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत ही टोकं बसलेली असतात. दाब वाढला की धमनीची भिंत ताणली जाते आणि ही टोकं जास्त वेगाने विजेचे ठोके सोडतात. ताण ओळखणारी प्रथिनं कोणती, हे कोडं फार वर्षं सुटलं नव्हतं. २०१८ साली उंदरांवरच्या प्रयोगांत पीझो-१ आणि पीझो-२ ही दोन प्रथिनं मिळून हे काम करतात असं दिसलं. पीझो प्रथिनांच्या शोधाबद्दल आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं.

मानेतली बातमी मेंदूच्या नवव्या नसेतून आणि महाधमनीतली दहाव्या नसेतून ब्रेनस्टेमच्या सर्वांत खालच्या भागात, मेड्युलामध्ये, जाते. तिथे एनटीएस नावाचा पेशींचा पुंजका आहे. विजेचे ठोके इथे येऊन थांबतात आणि इथून पुढचा कारभार रसायनांवर चालतो. नसेचं टोक ग्लुटामेट सोडतं आणि एनटीएसच्या पेशी जाग्या होतात. एनटीएस आपलं ग्लुटामेट मेड्युलाच्या पुढच्या बाजूला असलेल्या पेशींच्या खालच्या गटावर सोडतो. हा खालचा गट मात्र वेगळं रसायन वापरतो, गाबा. गाबा शांत करणारं आहे. ते पडतं वरच्या गटावर, ज्याला वैद्यकात आरव्हीएलएम म्हणतात.

हा वरचा गट सगळ्यात महत्त्वाचा. तो एरवीही सतत चालू असतो. त्याचा हुकूम मणक्यातल्या पेशींमार्फत सिम्पथेटिक नसांत जातो, त्या नसांची टोकं रक्तवाहिन्यांवर नॉरॲड्रिनालिन सोडतात आणि वाहिन्या आवळल्या जातात. वरचा गट म्हणजे ओढीला लागलेला बैल आणि गाबा हा त्याचा कासरा असं समजा. दाब वाढला की कासरा ओढला जातो. दाब घटला की नसांचे ठोके कमी, ग्लुटामेट कमी, गाबा कमी. कासरा सैल पडतो आणि वरचा गट आपोआप जोर धरतो. एनटीएस दुसरीकडे दहाव्या नसेलाही बातमी देतो, ती हृदयावर ॲसिटिलकोलिन सोडून ठोके मंदावते. म्हणून दाब वाढल्यावर नाडी उतरते आणि दाब घटल्यावर चढते.

माणूस उभा राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. वरची साखळी काही सेकंदांत कामाला लागते, म्हणून आपल्याला जाणवतही नाही. रोज कितीतरी वेळा हे घडतं आणि आपण उठबस करतो. मला शरीराची ही व्यवस्था आजही थक्क करते.

आबांच्या प्रत्येक गोळीची या साखळीत वेगवेगळी जागा होती. ॲम्लोडिपिन रक्तवाहिनीच्या स्नायूवर काम करते. मेटोप्रोलोल हृदयावर पोचलेला नॉरॲड्रिनालिनचा संदेश अडवते. टॅम्सुलोसिन प्रोस्टेटसाठी दिली तरी ती अल्फा-१ ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची संदेश घेणारी जागा) अडवते आणि काही प्रमाणात रक्तवाहिन्यांवरचेही. क्लोनिडिन एकटीच अशी, जी थेट ब्रेनस्टेममध्ये जाऊन अल्फा-२ ग्राहकांवर बसते आणि वरच्या गटाला मंद करते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत हे औषध चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी तपासलं जात होतं. नाकात थेंब घातलेल्या व्यक्तीचा बीपी उतरला, नाडी मंदावली आणि गाढ झोप लागली, तेव्हा त्याचा खरा गुण कळला.

क्लोनिडिन महिनोन्‌महिने चालू राहिली की शरीर त्या दाबून ठेवलेल्या अवस्थेशी जुळवून घेतं. मग ती एकदम तुटली की सिम्पथेटिक नसा पूर्वीपेक्षाही जोरात नॉरॲड्रिनालिन ओततात. बीपी चढतो, घाम, थरथर, डोकेदुखी सुरू होते. हे सहसा एक ते तीन दिवसांत दिसतं. आबांची मूत्रपिंडं मंद असल्याने औषध शरीरातून हळू गेलं, उसळी तिसऱ्या रात्री आली.

त्या रात्रीचे निर्णय

पहिला निर्णय साखर बघण्याचा. घाम, थरथर आणि मधुमेह हे तिन्ही एकत्र असताना आधी साखर उतरली नाही ना हे पाहावंच लागतं. ती १८८ निघाली. दुसरा प्रश्न, इतका बीपी चढल्याने मेंदू, हृदय, डोळे यांना इजा होते आहे का. आबा शुद्धीवर होते, बोलणं स्पष्ट, हातापायांत ताकद सारखी. ईसीजीत हृदयाची भिंत जाड झाल्याच्या जुन्या खुणा, नवं काही नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर सूज नाही. क्रिएटिनिन २.२, जवळपास होतं तेवढंच.

तिसरी अडचण कागदावर फार छोटी दिसते, पण त्या रात्री सगळं तिच्यावर अडलं होतं. कोणती गोळी बंद केली? मुलाने गोळ्यांचा डबा पुढे केला. मेडिकलवरून आठवड्यापुरत्या गोळ्या घेतात, त्यामुळे पाकिटं कात्रीने कापलेली होती आणि ज्या तुकड्यावर नाव असतं तो तुकडा त्यात नव्हताच. मुलगा म्हणाला, "ती बारकी, तीन टायमाची." सुनेने घरी फोन लावून सासूबाईंकडून गेल्या महिन्याचं बिल शोधून घेतलं, त्याचा फोटो मागवला आणि त्यात क्लोनिडिन सापडली. तोवर हा नुसता उच्च रक्तदाबाचा झटका असं धरून उपचार सुरू झाले असते, तर दिशा वेगळीच गेली असती.

आता पर्याय. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची सवय अजूनही काही ठिकाणी आहे. तिने दाब किती आणि किती वेगाने उतरेल याचा भरवसा नसतो. ज्याला उभं राहताच अंधारी येते त्याची सावरण्याची यंत्रणा आधीच लंगडी, त्याला हे देणं मला धोक्याचं वाटलं. दुसरा पर्याय बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलोल, वाढवण्याचा. नाडी ९८ होती, हात थरथरत होते, त्यामुळे तो मोह सहज होतो. पण क्लोनिडिन तुटल्यावर नॉरॲड्रिनालिनचा पूर रक्तवाहिन्या आवळत असतो. त्यात बीटा बाजू अडवली की वाहिन्या आवळणाऱ्या अल्फा बाजूला रान मोकळं मिळतं आणि दाब आणखी चढू शकतो. तिसरा पर्याय लगेच लातूरला किंवा सोलापूरला हलवण्याचा. अवयवांना इजा दिसली असती तर तोच घेतला असता. १०८ ची गाडी लागलीच मिळेल का हे विचारून ठेवलं होतं.

चौथा पर्याय निवडला. जे तुटलं तेच परत देणं.

आधी उलटीचं औषध, मग क्लोनिडिन २०० मायक्रोग्रॅम, तासाने आणखी १००. दाब उतरवणाऱ्या नायट्रोग्लिसरीनची ड्रिप भरून बाजूला ठेवली, लागली नाही. मॉनिटरसमोर नर्स बसलेली, दर १५ मिनिटांनी बीपी. दीड तासाने १९८/११०, चार तासांनी १७२/९८. मुलाला वाटत होतं लवकर १२० वर आणावा. त्याला समजावलं की चढ्या दाबाची इतक्या दिवसांची सवय झालेल्या मेंदूला, दाब एका तासात खाली आणला तर, रक्त कमी पडून अर्धांगवायू होऊ शकतो. पहाटे आबा झोपले. सकाळी बीपी १६२/९०, डोकेदुखी गेलेली. (हे प्रमाण दवाखान्यात नजरेखाली दिलेलं आहे. घरी कुणी असं करू नये.)

मूळ प्रश्नाकडे परत

उसळी शमली तरी भोवळ तशीच होती, आणि तिची चौकशी अजून कुणी केलीच नव्हती. आतापर्यंत आबांचा बीपी कायम बसवून मोजला गेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांना पाच मिनिटं झोपवून, मग उभं करून मोजला.

झोपलेले: १५८/८४, नाडी ६८. उभं राहून एक मिनिट: १२४/७०. तीन मिनिटं: ११८/६८, नाडी ७१. तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर त्याला उभं राहिल्यावरचा कमी बीपी म्हणतात. आबांचा ४० ने उतरला होता.

लक्ष वेधलं ते नाडीने. दाब ४० ने पडला आणि नाडी फक्त ३ ने वाढली. साखळी धड असती तर कासरा सैल पडून नाडी चांगली चढायला हवी होती. नाडीची वाढ भागिले दाबाची घट हे गुणोत्तर ०.५ च्या खाली असेल तर दोष बहुधा नसांमध्ये असतो. पण मेटोप्रोलोल चालू असताना नाडी तशीही चढत नाही, त्यामुळे या आकड्यावर त्या दिवशी शिक्का मारला नाही.

मग रात्रीच्या लघवीचा प्रश्न. सोनोग्राफीत प्रोस्टेट थोडंच मोठं, लघवीनंतर मूत्राशयात फारसं काही उरत नव्हतं. सुनेला विचारलं, दिवसा किती वेळा जातात? "दिवसा न्हाई जात मामा जास्त, रातच्यालाच." तिथे उलगडा झाला. ज्यांच्या नसा दाब सांभाळू शकत नाहीत त्यांचा दाब आडवं झाल्यावर चढतो. चढलेल्या दाबाने मूत्रपिंडं रात्रभर मीठ आणि पाणी बाहेर टाकतात. म्हणून रात्री चार-पाच वेळा लघवी, म्हणून पहाटे शरीर कोरडं, म्हणून पहाटेच जास्त भोवळ. त्यावर आबा लघवी कमी व्हावी म्हणून संध्याकाळपासून पाणी पीत नव्हते, आणि टॅम्सुलोसिन उभं राहिल्यावर आवळू पाहणाऱ्या वाहिन्यांना ढिलं सोडत होती. दुपारचं जेवण पोटाकडे रक्त ओढतं आणि उन्हात कातडीच्या वाहिन्या फुलतात. मेडिकलवरचा ९८ हा या सगळ्याचा मिळून आकडा होता. तेच आबा रात्री झोपलेले असताना मोजले असते तर १६० च्या वर मिळाले असते.

केलेले बदल

टॅम्सुलोसिन थांबवली. मूत्रविकार तज्ज्ञांशी फोनवर बोलून घेतलं. ॲम्लोडिपिन सकाळऐवजी झोपताना द्यायला सुरुवात केली.

क्लोनिडिन काढायची ठरवली, पण क्रम महत्त्वाचा होता. मेटोप्रोलोल आणि क्लोनिडिन दोन्ही असतील तर आधी बीटा ब्लॉकर काढायची, मग क्लोनिडिन. टूडी इको ठीक होता, छातीत दुखण्याचा त्रास नव्हता, म्हणून मेटोप्रोलोल दहा दिवसांत उतरवून बंद केली. त्यानंतर क्लोनिडिन आठवड्याला १०० मायक्रोग्रॅमने कमी. पोटॅशियम ४.६, म्हणजे वाढलेलं नव्हतं, म्हणून टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी लहान डोसने सुरू करून दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा तपासलं.

बाकीचे उपाय घरचेच. आबा उन्हाळ्यात अंगणात बाजेवर झोपतात. बाजेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा लावायला सांगितल्या, म्हणजे डोकं वर राहून रात्रीचा दाब आणि लघवी दोन्ही कमी होतील. दुपारी वामकुक्षी करायची तर भिंतीला टेकून. पहाटे उठण्याआधी तांब्याभर पाणी बाजेवर बसूनच प्यायचं आणि पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं पोटऱ्या आवळायच्या. पायांवर सूज नव्हती, म्हणून पाण्याची मुभा देता आली. जेवण एकदम भरपेट न घेता थोडं थोडं. चालताना पोटाला रुंद पट्टा.

चौथ्या आठवड्यात क्लोनिडिन ३०० वर आल्यावर झोपल्यावरचा बीपी १९० पर्यंत गेला. मागच्या डोसवर परत जाऊन दहा दिवस थांबलो, टेल्मिसार्टन ४० केली आणि मग पुढे सरकलो. मुलगा कंटाळला होता. त्याला दर आठवड्याला झोपून आणि उभं राहून अशा दोन आकड्यांचा तक्ता लिहायला दिला होता, तो त्याने शेवटपर्यंत नेटाने लिहिला. त्या वहीमुळेच घाई टळली.

वेगळं काय करता आलं असतं

मेडिकलच्या दुकानात आबांना फक्त दोन मिनिटं उभं करून परत मोजलं असतं आणि रात्री झोपताना एकदा मोजलं असतं, तर गोळ्या जास्त आहेत असं वाटलंच नसतं. मधुमेही किंवा साठीपुढचा माणूस भोवळीची तक्रार घेऊन आला की बसलेला एकच आकडा पुरत नाही. हे आशाताईपासून एमडी डॉक्टरपर्यंत सगळ्यांना लागू आहे आणि त्याला खर्च शून्य आहे.

दुसरं, क्लोनिडिन लिहिताना चिठ्ठीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत, अचानक बंद करू नये असं लिहिलेलं असावं. गोळ्या कापून देणाऱ्या दुकानदाराने नावाचा तुकडा किंवा निदान नाव लिहिलेली पुडी द्यावी. आणि मुळात दिवसातून तीनदा घ्यावी लागणारी, चुकली तर उसळणारी गोळी शेतावर, लग्नाला, बाजाराला जाणाऱ्या माणसाला देण्याआधी दुसरे पर्याय संपलेत का हे पाहायला हवं. आबांना टेल्मिसार्टन आधी का दिली नव्हती याचं उत्तर जुन्या कागदांत मिळालं नाही.

टॅम्सुलोसिन देताना रात्री आणि दिवसा लघवी किती वेळा, हा एक प्रश्न विचारला गेला असता तर बहुधा ती दिलीच गेली नसती.

सध्याची स्थिती

तीन महिन्यांनी क्लोनिडिन पूर्ण बंद आहे. झोपून १५०/८४, नाडी ७४. तीन मिनिटं उभं राहून १२६/७२, नाडी ८२. आता बीटा ब्लॉकर नसल्याने गुणोत्तरावर विसंबता येतं: ८ भागिले २४, म्हणजे ०.३३. दोष नसांचाच, मधुमेहाने झिजलेल्या. ब्रेनस्टेम हुकूम देतो आहे, पण नसांच्या टोकांवर पुरेसं नॉरॲड्रिनालिन सुटत नाही. ही झीज भरून येण्यासारखी नाही, आणि ते आबांना आणि घरच्यांना स्पष्ट सांगितलं आहे.

रात्री लघवीला आता दोनदा उठतात. त्यानंतर पडलेले नाहीत, पण जेवणानंतर लगेच उठलं तर अजून डोळ्यांपुढे अंधारी येते. उभ्याचा दाब वाढवणाऱ्या मिडोड्रिन किंवा फ्लुड्रोकॉर्टिसोनसारख्या गोळ्या अजून दिलेल्या नाहीत, कारण त्यांनी झोपल्यावरचा दाब आणखी चढेल, आणि दुसरीने अंगात मीठ-पाणी साठेल, जे या मूत्रपिंडांना झेपणार नाही. साखर आणि क्रिएटिनिनची पुढची तपासणी पाऊस चांगला जमल्यावर ठरली आहे. तेव्हा हवा थंड असेल, भोवळ कमी आणि बीपी थोडा वर असू शकतो, म्हणून ॲम्लोडिपिनच्या डोसचा निर्णय तोपर्यंत राखून ठेवला आहे.